आईची पाटली आणि न उघडलेला अहवाल

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर वाचताना डोळे थकतात म्हणून नातवाकडून तो कागदावर काढून घेतला, आणि दोन दिवस तो कागद खिशात घेऊन फिरतोय. पाकिस्तानशी लढाई चालू असतानाच्या, ८ मे २०२५ च्या त्या रात्रीबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मला झोप लागली नाही. साताऱ्याकडच्या एका गावातून कुणा जवानाच्या वडिलांचा तुमच्या बातम्यांच्या कचेरीत फोन येतो, टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या पट्ट्या पळत असतात, आणि ते विचारतात, "बाई, हे खरं का?" तुझ्यापुढे दुजोरा देणारं एकही नाव नाही. तू म्हणतेस, "काका, मला माहीत नाही." त्यावरून तुला बोलणी बसतात. सकाळी त्या बातम्या खोट्या निघतात.

आता तू विचारतेस, युद्ध चालू असताना सरकारवर विश्वास ठेवायचा की त्याला प्रश्न विचारायचे? "सर, तुम्ही वर्गात दोन्ही करायला सांगायचात, पण त्या रात्री दोन्ही एकदम जमत नव्हतं," असं लिहिलंयस.

"मला माहीत नाही" हे तू बरोबर बोललीस. त्या बापाला त्या रात्री मिळालेलं एकमेव खरं वाक्य तेच होतं. बाकीच्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या लहानपणातून द्यावं लागेल, कारण हा प्रश्न आमच्या घरात १९६२ साली आला आणि आई जाईपर्यंत तो घरातच राहिला.

मी तेव्हा चौथीत होतो. कराडजवळचं गाव. त्या वर्षीची दिवाळी युद्धातच आली. २० ऑक्टोबरला चीनने पूर्वेला आणि लडाखला एकाच वेळी हल्ला चढवला होता आणि आमच्या शाळेच्या पटांगणात संरक्षण निधीसाठी टेबल मांडलं होतं. गावातल्या बायका रांगेत उभ्या राहून अंगावरचं सोनं देत होत्या. आईकडे पाटल्यांची एक जोडी होती, माहेरची. त्यातली एक तिने काढून दिली. दुसरी का ठेवली असं मी विचारलं, तर म्हणाली, "एक तुझ्या बहिणीच्या लग्नाला." तिला पावती मिळाली. शिवाय शाळेतल्या बाईंनी हिरवट लोकर वाटली होती, तिचे जवानांसाठी दोन स्वेटर आईने पंधरा दिवसांत विणले. वडील प्राथमिक शिक्षक, ते रोज संध्याकाळी पारावर पेपर वाचून दाखवायचे. गावात नेहरूंबद्दल वेडंवाकडं कुणी बोलत नव्हतं. बोललं असतं तर लोकांनी त्याला पारावर बसू दिलं नसतं.

लोकांचा हा विश्वास आंधळा होता असं मला कधीच म्हणवलं नाही. ज्यांची पोरं सीमेवर असतात ते विश्वास ठेवतात, कारण न ठेवून त्यांना रात्र काढता येत नाही. अपशिंग्यासारखी गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत, जिथे घरटी कुणी ना कुणी फौजेत गेलेलं असतं. तिथल्या बाईला "सरकारवर विश्वास ठेवू नकोस" असं शहाणपण शिकवायला जाऊ नकोस. तिने पणाला लावलेलं तुझ्यामाझ्यापेक्षा फार मोठं आहे. तिचा विश्वास ज्यांच्या हाती जातो त्यांनी त्याचं काय केलं, हे विचारणं हे तुझं काम. त्यासाठी १९६२ पुन्हा नीट बघ. आपल्या शाळांत तो धडा चार ओळींत उरकतात.

हरणं ही त्या युद्धातली सगळ्यात वाईट गोष्ट नव्हती. लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊंचे जवान जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढले. त्या पराभवाची देशाला कधी लाज वाटली नाही. लोकांना लागलं ते वेगळंच. आपल्याला सगळं ठीक असल्याचं सांगितलं गेलं होतं, आणि ठीक काहीच नव्हतं.

१२ ऑक्टोबर १९६२ रोजी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, निघालेल्या नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं की आपल्या भूमीवरून चिन्यांना हटवण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत. पेपरांनी ते मोठ्या मथळ्यांत छापलं. ज्या ब्रिगेडला ते काम करायचं होतं ती पूर्वेकडच्या सीमेवर नामका चू नदीच्या काठी, खोल दरीत होती, आणि शत्रू वरच्या धारेवर. बऱ्याच जवानांच्या अंगावर सुती गणवेश, पायात कॅनव्हासचे बूट, दारूगोळा मोजका. आठ दिवसांनी हल्ला झाला आणि २२ तारखेला त्या ब्रिगेडचे प्रमुख जॉन दळवी कैद झाले. २५ ऑक्टोबरला नेहरू स्वतःच म्हणाले की आधुनिक जगातल्या वास्तवाशी आपला संबंध सुटत चालला होता, आणि आपण आपणच निर्माण केलेल्या कृत्रिम वातावरणात जगत होतो. पराभव चालू असताना एखाद्या पंतप्रधानाने इतकं उघड बोलावं, ही साधी गोष्ट नाही, आणि त्याबद्दल मला आजही नेहरूंविषयी आदर वाटतो. पण बाळ, त्या वाक्यातल्या "आपण" या शब्दावर मी वर्गात थांबायचो, आठवतं? त्या कृत्रिम वातावरणात माझी आई जगत नव्हती. तिला तिथे नेऊन बसवलं होतं.

हे कसं झालं हे नीट समजून घे, कारण यात कुणी दुष्ट नव्हतं. लडाखच्या पूर्वेला, आपण आपला मानतो त्या अक्साई चीनमधून जाणारा रस्ता पुरा झाल्याचं चीनने १९५७ साली जाहीर केलं. आपल्या सरकारने १९५८ च्या ऑक्टोबरात निषेधाचा खलिता धाडला. संसदेला हे कळलं १९५९ च्या ऑगस्टअखेर. आधी का सांगितलं नाही, यावर नेहरूंचं म्हणणं असं होतं की पत्रव्यवहारातून काही मार्ग निघेल आणि योग्य वेळी सभागृहाला सांगू, असं वाटलं होतं. खोटं बोलण्याचा हेतू त्यात मला दिसत नाही. घरातला कर्ता पुरुष जसं म्हणतो, "उगाच सगळ्यांना काळजी कशाला, मी बघतो काय ते," तसं ते आहे. पण घर आणि लोकशाही यांत फरक असा की घरातल्यांनी त्या माणसाला निवडलेलं नसतं.

आणि मग सप्टेंबर १९५९ मध्ये सरकारने दोन्ही देशांतला सगळा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून एकदम लोकांपुढे ठेवला. उघडेपणा म्हणून ते स्तुत्यच. पण पाच वर्षं "हिंदी-चिनी भाई-भाई" ऐकलेल्या लोकांना एका सकाळी रस्ता, निषेध, नकाशे, पूर्व सीमेवरच्या लोंग्जूतला गोळीबार, सगळं एकदम कळलं. राग उसळला. ऑक्टोबरात लडाखच्या कोंगका खिंडीत आपले पोलीस मारले गेले आणि तो दुप्पट झाला. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीला आले तेव्हा नेहरूंना तडजोड करावीशी वाटली असती तरी लोकांना ती समजावून सांगायला जागाच उरली नव्हती. हे तुला कुणी फारसं सांगणार नाही. बातमी दाबून ठेवली की नेत्याचे हात मोकळे राहतात असं नेत्याला वाटतं. प्रत्यक्षात ती उशिरा फुटते तेव्हा त्याचेच हात बांधले जातात. लोकांना १९५७ पासून थोडं थोडं कळत गेलं असतं, तर त्यांचं मतही थोडं थोडं घडत गेलं असतं.

तू म्हणशील, मग सगळंच सांगायचं का? नाही. १९ नोव्हेंबरला पूर्वेकडचे सेला आणि बोमडिला हातचे गेल्यावर नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रं पाठवून लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या मागितल्या. मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना हे माहीत नव्हतं. लोकांना त्या रात्री ते सांगायलाच हवं होतं असं मी म्हणणार नाही. शत्रू दारात असताना आपण किती घाबरलो आहोत हे त्याला कळवणं हा कसला प्रामाणिकपणा? फौज कुठे आहे, कुठे निघाली आहे, किती विमानं उरली आहेत, यांतलं काही तू कधी छापू नकोस, कुणी कितीही विश्वासाने सांगितलं तरी. मी बोलतोय ते दुसऱ्या मौनाबद्दल. धोका टळतो, पुष्कळ वर्षं जातात, आणि तरीही ते सुटत नाही. त्या पत्रांचा पूर्ण मजकूर आपल्याला मिळाला तो अनेक दशकांनी, आणि तोही अमेरिकेतल्या संग्रहातून.

त्याच १९ नोव्हेंबरला आसामातल्या तेजपूरमध्ये काय चाललं होतं ते वाच. अधिकारी शहर सोडून गेले. बँकेत नोटा जाळल्या. मनोरुग्णांच्या इस्पितळातून रुग्ण सोडून दिले. माणसं ब्रह्मपुत्रा ओलांडायला नावांसाठी काठावर ताटकळत होती. आणि आकाशवाणीवरून नेहरूंचा आवाज आला की आसामच्या जनतेबद्दल माझं हृदय भरून येतं. त्यांना धीर द्यायचा होता. आसामला ऐकू आला तो कायमचा निरोप. पंतप्रधानांनी आपल्याला सोडून दिलं, ही भावना तिथे इतकी खोल गेली की साठ वर्षांनंतरही निवडणुकीच्या सभांत ते वाक्य निघतं. मी एकदा गुवाहाटीला एका परिषदेला गेलो होतो. जेवताना शेजारच्या प्राध्यापकांनी, माझ्याच वयाचे होते, ते वाक्य मला इंग्रजीत तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यांच्या वडिलांनी त्या दिवशी सायकल विकून नावेचे पैसे भरले होते. संकटातला नेत्याचा एक शब्द माणसं किती वर्षं सांभाळतात, हे मला त्या जेवणाच्या ताटावर कळलं.

आता दुसरी बाजू, कारण तिच्याशिवाय तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही. युद्ध चालू असताना अटलबिहारी वाजपेयींनी संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी केली. ते तेव्हा तरुण होते, राज्यसभेत, एका छोट्या पक्षाचे. नेहरूंनी ती मान्य केली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन भरलं. खासदार लक्ष्मीमल सिंघवींनी सुचवलं की चर्चा बंद दाराआड व्हावी. नेहरूंनी ते नाकारलं. युद्ध चालू असताना शंभराहून अधिक खासदार उघड सभागृहात बोलले, कडाडून बोलले, आणि पंतप्रधान ऐकत बसले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना वाचवण्याचा त्यांनी आधी प्रयत्न केला होता. ३१ ऑक्टोबरला संरक्षण खातं स्वतःकडे घेऊन मेनन यांना संरक्षण उत्पादनाचं खातं दिलं होतं. पण त्यांच्याच पक्षाच्या खासदारांना ते पटलं नाही, आणि ७ नोव्हेंबरला मेनन गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींचा मोठा पराभव करून मेनन निवडून आले होते, हे लक्षात घे. मुंबईच्या मतदारांनी नेहरूंच्या शब्दाखातर टाकलेला विश्वास आठ-नऊ महिन्यांत असा उतरला.

कृपलानी पुढच्या वर्षी अमरोह्याची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले, आणि ऑगस्ट १९६३ मध्ये स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव त्यांनीच मांडला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. नेहरूंनी उत्तर देताना अशी परीक्षा अधूनमधून व्हावी हे चांगलंच, अशा आशयाचं म्हटलं. माझे वडील नेहरूंचे भक्त. तो वृत्तांत त्यांनी पारावर दोन दिवस वाचला. मी त्यांना विचारलं, नेहरूंना इतकं बोलतात ते तुम्हाला कसं चालतं? ते म्हणाले, "ते ऐकून घेतायत ना, म्हणून चालतं." माझा आयुष्यभराचा विषय राज्यशास्त्र झाला तो बहुधा त्या दिवशी.

ब्रिटनमध्ये तर याच्याही पुढे गेले. ८ मे १९४०, तुझ्या त्या रात्रीचीच तारीख. नॉर्वेतल्या अपयशावर खुल्या सभागृहात मतदान झालं, पंतप्रधान चेंबरलेन यांचं दोनशेच्या वर असलेलं बहुमत ८१ वर आलं, आणि दोन दिवसांनी, जर्मनीने हॉलंड-बेल्जियमवर हल्ला केला त्याच दिवशी, पंतप्रधान बदलला. पुढे उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडल्यावर जुलै १९४२ मध्ये चर्चिलवरही अविश्वास ठराव आला. तो पडला, पण आला. प्रश्न विचारल्याने देश दुबळा होतो असं कुणी तुला सुनावलं तर या दोन तारखा सांग.

आता मला जड जाणाऱ्या गोष्टीकडे येतो.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. आमच्या भागाला काय वाटलं असेल! यशवंतराव म्हणजे आमच्या घरातला माणूस. देवराष्ट्र्याचा मुलगा, कराडच्या टिळक हायस्कूलचा विद्यार्थी, दोन वर्षांपूर्वी मंगल कलश आणणारा. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य त्या दिवसांत पोराटोरांच्या तोंडी होतं. नाशिककरांनी त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. त्यांनी सैन्याला पुन्हा उभं केलं, सेनाधिकारी आणि मंत्रालय यांच्यात मेनन यांच्या काळात आलेला कडवटपणा मिटवला, सेनापतींचं ऐकून घेतलं. १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले तेव्हा हवाई दलाला परवानगी द्यायला त्यांना काही मिनिटं पुरली. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण १९६२ ची चौकशीही त्यांच्याच कारकिर्दीत झाली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९६३ च्या मध्यावर अहवाल दिला. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत निवेदन केलं. प्रशिक्षणात, साधनसामग्रीत, कमांडच्या व्यवस्थेत उणिवा होत्या हे त्यांनी मान्य केलं आणि सुरक्षेच्या व सैन्याच्या मनोधैर्याच्या कारणाने अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही असं सांगितलं. १९६३ साली ते कारण मला पटण्यासारखं वाटतं. चीन सीमेवर होता, सैन्याची जखम ओली होती. पण नंतर यशवंतराव गेले, सरकारं बदलली, सगळ्या रंगांची सरकारं आली, आणि तो अहवाल बंदच राहिला. २०१० साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की त्यातला मजकूर अत्यंत संवेदनशील आहे आणि आजही त्याला लष्करी महत्त्व आहे. २०१४ मध्ये त्याचा एक भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला. आपल्या पराभवाची आपली चौकशी, आणि ती आपल्याला वाचायला मिळते दुसऱ्याच्या हातून, अर्धीमुर्धी.

आईने तो विषय सोडला नाही. ती फक्त तिसरीपर्यंत शिकलेली. १९६३ च्या त्या सप्टेंबरात वडिलांनी पेपरातलं निवेदन घरी वाचून दाखवलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "पाटली गेली त्याचं काही नाही. पण पोरांच्या अंगात गरम कपडे का नव्हते, ते लिहिलंय का त्यात? स्वेटर आम्ही विणायचे, तर सरकार आधी काय करत होतं?" वडील म्हणाले, "यशवंतराव म्हणतात ते सांगता येत नाही." आई म्हणाली, "यशवंतरावांवर माझा विश्वास आहे. म्हणूनच विचारते."

मी हे वाक्य वर्गात कधीच सांगितलं नाही. घरातलं बोलणं म्हणून संकोच वाटायचा. आज तुला सांगतो, कारण तुझा प्रश्न तिने साठ वर्षांपूर्वी तव्यासमोर बसून सोडवला होता. जिचा विश्वास नव्हता ती विचारतीच कशाला?

त्याच्याच अलीकडे, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी. ज्या बायकांनी दोन महिन्यांपूर्वी रांगा लावून सोनं दिलं होतं त्यांच्या गल्लीतल्या सोनाराची भट्टी थंड झाली. आमच्या शेजारचे सोनारकाका पुढे ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेब लिहायला लागले. देशाला परकीय चलन हवं होतं, चोरटं सोनं थांबवायचं होतं, ही कारणं मी मोठेपणी वाचली आणि मला ती समजली. पण तेव्हा कुणी पटांगणात टेबल मांडून ती समजावली नव्हती. मागायला टेबल येतं, सांगायला येत नाही, हे लोकांच्या ध्यानात राहतं.

आणि आणीबाणी. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी ती जाहीर झाली. युद्ध महिनाभर चाललं. ती आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये. पाच वर्षांहून अधिक काळ भारत संरक्षण नियमांखाली माणसांना चौकशीविना डांबता येत होतं. चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसं, आसामातल्या माकुमची, दार्जिलिंगची, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली गेली. लहान मुलं, म्हातारी. काहींना सुटायला वर्षं लागली, परत आले तर घरं-दुकानं लिलावात गेलेली. त्यांच्यासाठी त्या वेळी फार कुणी बोललं नाही, आमच्या पारावर तर त्यांचं नावही निघालं नाही. याचं मला मनापासून दुःख आहे. आम्ही सरकारवर सरसकट टाकलेल्या विश्वासाची किंमत ज्यांच्याकडून वसूल झाली ती माणसं आम्हाला दिसतच नव्हती. तू बातमीदार आहेस. युद्धात सगळे सीमेकडे बघत असतील तेव्हा एक नजर आत ठेव, कुणाच्या दारावर रात्री थाप पडतेय तिकडे.

शास्त्रीजींबद्दल थोडंच लिहितो. १९६५ मध्ये त्यांनी सोमवारी संध्याकाळी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं आणि देशाने सोडलं. हॉटेलं बंद राहायची. तेव्हा कुणी "का" असं विचारलं नाही, कारण उत्तर आधीच मिळालं होतं. १९५६ साली अरियलूरला रेल्वे अपघात झाला तेव्हा रेल्वेमंत्री असलेल्या या माणसाने राजीनामा दिला होता. लोकांनी ते नऊ वर्षं जपून ठेवलं होतं. तरीही १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला पाकिस्तानशी करार होऊन, युद्धात जिंकलेली हाजीपीर खिंड परत द्यायचं ठरलं तेव्हा लोक चिडले, मंत्रिमंडळातल्या महावीर त्यागींनी राजीनामा दिला. आपल्या निर्णयाचं कारण शास्त्रीजींनी परत येऊन लोकांना नक्की सांगितलं असतं. त्याच रात्री ते गेले.

आता तुझ्या काळाबद्दल, आणि इथे मी जपून बोलतो, कारण अजून सगळे कागद कुणाच्याच समोर नाहीत. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर तीनच दिवसांत सरकारने के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल संसदेपुढे आला. काही पानं गाळून, पण आला. गुप्तहेर खात्यांचं कुठे चुकलं हे त्यात लिहिलं होतं. सैन्याचं मनोधैर्य त्याने खचलं असं मी तरी ऐकलं नाही. मग मे २०२५ मध्ये विमानं गमावल्याचं संरक्षण दलप्रमुखांनी ३१ मे रोजी मान्य केलं तेव्हा ते सिंगापूरमध्ये, एका परदेशी वृत्तसंस्थेशी बोलताना. कारवाई चालू असताना ते सांगितलं नाही याला माझी ना नाही. पण १० मे रोजी गोळीबार थांबला होता. ते आपल्या संसदेत, आपल्या भाषेत, आपल्या माणसांना आधी सांगितलं असतं तर तुझ्या त्या फोनवरच्या बापाने ते समजून घेतलं असतं. फौजेत पोरगा पाठवणाऱ्याला युद्धात नुकसान होतं हे शिकवावं लागत नाही. विशेष अधिवेशनाची मागणी तेव्हाही झाली होती. चर्चा झाली ती जुलैअखेर, पावसाळी अधिवेशनात. १९६२ साली, हरत असताना, जे जमलं ते जिंकल्याचं सांगत असताना का जमू नये, हे मी कोणत्याही पक्षाच्या सरकारला विचारलं असतं, आणि तूही विचार.

कसं विचारायचं, तेवढं सांगून थांबतो. एक वही कर. अशा दिवसांत सरकारी प्रवक्ता, मंत्री, सेनाधिकारी जे बोलेल ते त्याच्या शब्दांत, तारीख-वेळ घालून उतरवून ठेव. आपलं मत त्या पानावर लिहू नकोस. महिन्याने आणि वर्षाने ती पानं पुन्हा वाच. बातमी लिहिताना "झालं" आणि "झाल्याचं सांगितलं" यांतला फरक कुणाच्याही दबावाखाली पुसू देऊ नकोस, मराठीत तो एका शब्दाचा आहे, जागा फार खात नाही. प्रश्न मोठे नकोत. "देश सुरक्षित आहे का" याला कुणीही हो म्हणेल. आईसारखं विचार. बूट होते का? स्वेटर कुणी पुरवायचे होते? कुणाला केव्हा कळलं? आणि उत्तर "आत्ता सांगता येत नाही" असं आलं तर ते मान्य कर, मात्र वहीत त्याच्यापुढे लिही: केव्हा सांगणार?

त्या जवानाच्या वडिलांचा नंबर तुझ्याकडे असेल तर त्यांना पुन्हा फोन कर. पोरगा कसा आहे विचार.

८ ते १४ नोव्हेंबर १९६२ च्या लोकसभेतल्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत, नातवाने मला काढून दिल्या. छापून ठेवल्यात. दिवाळीत येशील तेव्हा त्या घेऊन जा. आईच्या पाटलीची पावतीही दाखवीन. कागद पिवळा पडलाय, वजनाचा आकडा पुसट झालाय, पण तारीख अजून वाचता येते. तिने ती रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली होती, वर २ सप्टेंबर १९६३ च्या निवेदनाचं कात्रण, एकाच टाचणीने टोचलेलं.

तुझा,
सर